डबी परत का येत नाही

प्रश्न असा: एमडीच्या प्रबंधासाठी आतड्यातल्या जिवाणूंचा अभ्यास करणाऱ्या, लातूरकडच्या एका तरुण डॉक्टरांनी विचारलं आहे, "संडासच्या नमुन्यासाठी ओपीडीत आणि दोन गावांत मिळून दीडशे डब्या वाटल्या. घेताना कुणी नाही म्हटलं नाही. परत आल्या जेमतेम चाळीस. फोन केला तर 'लाज वाटते', नाही तर 'उद्या आणतो'. आपल्याकडच्या लोकांना या गोष्टीची इतकी किळस आहे का? समजवायचं कसं?"

डॉक्टर, तुमच्या प्रश्नातलं "घेताना कुणी नाही म्हटलं नाही" हे वाक्य आधी धरते. दवाखान्यात कुणी हातात काही दिलं की आपल्याकडचा माणूस ते घेतो. लग्नात पुढं आलेला पानाचा विडा घेतात, तसं. ती रीत झाली, तिला संमती समजू नका. खरं उत्तर त्या न आलेल्या एकशे दहा डब्यांनी दिलंय, आणि ते एकच उत्तर नाही.

मी हे काम एकवीस वर्षं करते. आधी तालुक्याच्या गावी लॅब टेक्निशियन होते, नंतर वेगवेगळ्या अभ्यासांसाठी गावोगावचे नमुने गोळा करायला लागले. माझ्या सासूबाई अजून पाहुण्यांना "सून दवाखान्यात हाय" एवढंच सांगतात, पुढचं सांगत नाहीत. तेव्हा लाज म्हणजे काय हे मला घरातूनच माहीत आहे.

सुरुवातीला माझ्या वहीत एक रकाना होता, 'न देण्याचं कारण'. महिन्याभरात तो वरपासून खालपर्यंत 'लाज', 'लाज', 'लाज' असा भरला. मग एकदा औसा तालुक्यातल्या एका घरी पाऊस थांबेपर्यंत बसावं लागलं आणि त्या घरच्या काकूंशी तासभर बोलणं झालं. घराला संडास होता, पण त्यात सरपण आणि गोवऱ्या रचलेल्या. काकू पहाटे चौघीजणींबरोबर ओढ्याकडं जायच्या. चौघींच्या देखत डबी भरायची कशी? भरली तरी उजाडल्यावर ती हातात घेऊन वेशीतून आत यायचं कसं? आणि आणलीच तर मी येईपर्यंत घरात ठेवायची कुठं, एका खोलीत देवघर आणि दुसरीत चूल? एवढं सगळं त्यांनी "लाज वाटते बाई" या तीन शब्दांत गुंडाळून मला दिलं होतं, आणि मी ते तसंच वहीत उतरवलं होतं. लाज म्हटलं की समोरचा पुढं विचारत नाही, हे लोकांना पक्कं ठाऊक असतं. न दुखवता नाही म्हणायचा तो आपल्याकडचा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

त्या गोवऱ्यांच्या संडासाचं थोडं अजून सांगते, कारण तुमच्या प्रश्नावलीत 'शौचास कुठे जाता?' हा प्रश्न पहिल्याच पानावर असणार. २०१४ नंतर स्वच्छ भारत अभियानात संडास बांधायला १२,००० रुपये मिळाले. त्याच काळात पहाटे शिट्ट्या वाजवत फिरणारी गुड मॉर्निंग पथकं आली. टमरेल हातात दिसलं की कुठं फोटो काढायचे, कुठं गुलाबाचं फूल द्यायचे, कुठं दंडाची धमकी. एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. आता गळ्यात ओळखपत्र अडकवलेलं कुणीतरी दारात येतं आणि संडासाची चौकशी करतं. लोकांना काय वाटणार? अनुदान परत मागायला आले! उन्हाळ्यात तर विचारूच नका. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्यांनी टँकरमागं घागरी घेऊन पळापळ केलीय, त्यांना एका माणसामागं बादलीभर पाणी भांड्यात ओतणं जिवावर येतं. हे ते तुम्हाला सांगणार नाहीत, 'घरच्या संडासात' म्हणतील. तुम्हाला खरोखर हवी असलेली माहिती वेगळी आहे: नमुन्यात माती, पाणी किंवा लघवी मिसळली का? तेवढंच विचारा, आणि तेही डबी हातात आल्यावर.

आता किळसेचं. ज्या माणसाचा दिवस गोठ्यात सुरू होतो त्याला शेणाची किळस नसते. बैलानं पातळ टाकलं की तो काल खाल्लेल्या ओल्या चाऱ्याचं नाव घेतो, म्हशीचं घट्ट आलं की पाणी कमी पडलं म्हणतो. मी गावात बोलताना इथूनच सुरू करते. "मामा, जनावराचं शेण बघून तुम्हाला त्याच्या पोटातलं कळतं ना? आम्ही माणसाचं तेच बघतोय, फक्त यंत्रातून." यावर आजवर कुणी नाक मुरडलेलं मी पाहिलं नाही. उलट म्हातारी माणसं सरसावून बसतात. बद्धकोष्ठाच्या माणसाला तर आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मन लावून ऐकणारं भेटलेलं असतं, त्याला थांबवावं लागतं. तुमच्याकडं संडास घट्ट की पातळ हे दाखवणारा ब्रिस्टलचा सात चित्रांचा तक्ता असेल, १९९७ सालापासून वापरात असलेला. त्याचं भाषांतर करत बसू नका. पहिल्या चित्रावर बोट ठेवलं की लोक आपणहून "शेळीच्या लेंड्या" म्हणतात, चौथ्याला "केळ्यासारखं", सातव्याला "नुसतं पाणी". इतकं नेमकं वर्णन मला एमबीबीएसच्या मुलांकडून कधी मिळालेलं नाही.

किळस असते, पण बहुतेक वेळा ती आपल्या बाजूला असते. इंटर्न मुलगा दोन बोटांत डबी धरून लांबूनच देतो, ड्रायव्हर पेटी गाडीत घ्यायला कुरकुरतो, लॅबमधला मदतनीस 'ते तुमचं' म्हणतो. लोक तोंडाकडं बघून सगळं ओळखतात. म्हणून माझ्याकडं नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी मी एक डबी देते. उद्या सकाळी स्वतःची भरून आणायची, एसटीनं, सगळ्या सूचना पाळून. पहिल्या दिवशी निम्म्याहून जास्त जण रिकाम्या हातानं येतात. कारणं ऐकण्यासारखी असतात: विसरलो, वेळ मिळाला नाही, रूममेट होता, उद्या आणतो. तुमचीही डबी अजून भरलेली नसेल तर आधी ती भरा, डॉक्टर. मग फोनवरचं 'उद्या आणतो' वेगळं ऐकू येईल.

शब्दांची गोष्ट लहान वाटते, पण तिनं आमचं एक अख्खं गाव बुडवलं होतं. माहितीपत्रकात 'विष्ठा नमुना संकलन' छापलं होतं. विष्ठा हा शब्द लोकांनी कीर्तनात ऐकलेला, तोही नरकाच्या वर्णनात. 'मल' म्हटलं तर एका आजींनी मलमाची ट्यूब आणून दाखवली. बोलताना मी परसाकडं, संडास, बाहेर जाणं असे त्या घरात चालणारे शब्द वापरते. मुस्लिम मोहल्ल्यात 'पैखाना' सरळ चालतो. लहान लेकराचं असेल तर 'शी'. आणि हो, डबीच्या झाकणाला आतून जे चिकटलेलं असतं त्याला चमचा म्हणू नका. एकदा म्हटलं होतं. "चमचा? अगं माय!" म्हणून त्या बाईंनी डबी तिथंच खाली ठेवली. तेव्हापासून मी काडी म्हणते.

किती घ्यायचं हेही नीट ठरवा. आम्ही 'सुपारीएवढं' सांगायचो. एका आजोबांनी त्या दिवसापासून अडकित्ता हातात घेणं सोडलं, म्हणे आता ते आठवतं. आता करंगळीच्या पहिल्या पेराएवढं असं सांगते, बोट पुढं करून. मोघम सांगितलं तर लोक उदारपणे डबी गच्च भरून आणतात. आपल्या उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो. गच्च भरलेल्या बंद डबीत जिवाणू वायू सोडत राहतात आणि झाकण उडतं. एका जीपमध्ये हे घडल्यावर त्या रस्त्यावरची एक आख्खी फेरी आम्हाला सोडून द्यावी लागली.

कशावर धरायचं, हा पुढचा घोळ. बाहेरून आलेल्या सूचनापत्रात कमोडवर बसवायच्या प्लास्टिकच्या भांड्याचं चित्र असतं. आपल्याकडं खाली बसायचं भांडं, शेजारी बादली. तिथं पाणी आणि लघवी लगेच मिसळते. मी हुशारी केली आणि पत्रावळी वाटल्या. स्वस्त, स्वच्छ, नंतर मातीत जाणाऱ्या. पहिल्याच घरात म्हातारीनं पत्रावळ उचलून कपाळाला लावली आणि मला घराबाहेर काढलं. बरोबरच होतं तिचं, जेवायचं पान ते. मग वर्तमानपत्र दिलं. त्यावर कुठं गणपती, कुठं बाबासाहेब, कुठं दर्ग्याच्या उरुसाची जाहिरात. कुणाच्या ना कुणाच्या श्रद्धेवर बसायची वेळ येणार हे मला आधी सुचायला हवं होतं. आता कोरा खाकी कागद देते, काहीही न छापलेला, एका माणसाला दोन. वापरलेला कागद भांड्यात टाकला तर ते तुंबतं, म्हणून तो टाकायला वेगळी पिशवी. साबणाची छोटी वडी. आणि डबी आत दिसणार नाही अशी काळी पिशवी, वर फक्त नंबर, नाव नको. एवढं साहित्य एकदम मिळालं की निम्मी 'लाज' तिथंच संपते. तुम्ही नुसती डबी दिली होती का?

आणि डबी आणायला लावू नका. लालपरीत शेजारी ओळखीचा माणूस बसणार आणि "पिशवीत काय नेलालाव?" हे विचारणारच. आमचा माणूस सकाळी सात ते नऊमध्ये घरी जाऊन घेतो, आदल्या संध्याकाळी फोन करून. लोकांना वाटतं, आणि काही डॉक्टरांनाही, की हे काम आशाताईंकडं द्यावं. ओळख करून द्यायला आशाताईंइतकं चांगलं कुणी नाही. डबी मात्र त्यांच्या हातात देऊ नये. आशाताई त्याच गल्लीतल्या. कुणाच्या पोटात काय चाललंय हे शेजारणीला कळावं असं कुणालाच वाटत नाही, आणि त्यांच्यावर आधीच कामं कमी नाहीत.

थंडीच्या साखळीवर, म्हणजे नमुना घरापासून लॅबपर्यंत थंड ठेवण्यावर, तुम्ही वाचलेलं असेल, म्हणून थोडक्यात सांगते. बाहेर पडलेल्या नमुन्यात जिवाणू जिवंत असतात. काही उष्णतेत वाढत राहतात, हवा न सोसणारे मरतात, आणि काही तासांत चित्र बदलायला लागतं. उणे ८० अंशाच्या फ्रीझरपर्यंत लवकर पोहोचता येत नसेल तर डीएनए टिकवणाऱ्या द्रावणाच्या नळ्या घ्या. महाग पडतात, पण त्यात नमुना साध्या हवेतही टिकतो. त्यातून पुढं जिवाणू वाढवता येत नाहीत, हे मार्गदर्शकांना आधीच विचारून ठेवा. ते द्रावण लेकरांच्या हाती लागू देऊ नका. घरच्या फ्रीजमध्ये ठेवायला सांगणं मात्र कायमचं विसरा. दुधाच्या पातेल्याशेजारी डबी ठेवायला सांगणाऱ्या माणसाला त्या घरात परत चहा मिळत नाही.

आता एक अवघड गोष्ट, जी कुठल्याच नियमावलीत मला सापडली नाही. "तुमी हात लावता याला?" हा प्रश्न मला सगळीकडं विचारतात. काही घरांत ती माझ्या जातीची चौकशी असते. तिथं मी "हातमोजे घालते" एवढंच सांगून पुढं जाते. बऱ्याच घरांत तो खरा संकोच असतो: आपलं असलं काही दुसऱ्यानं, त्यातून एका बाईमाणसानं उचलावं, आपल्याला पाप लागेल. अशा लोकांना मी मोबाइलवर लॅबचे फोटो दाखवते. हातमोजे, काचेचं कपाट, यंत्र. फोटो बघून त्यांचा जीव हलका होतो. आणि एका शहरातल्या एका वस्तीत एक म्हातारी म्हणाली, "माझ्या सासूनं लोकांचं ह्येच डोक्यावरून वाहिलं. आता तुमी आमचंच मागायला आलाव व्हय?" ती चिडून बोलली नव्हती. डोक्यावरून मैला वाहून नेण्यावर १९९३ साली कायद्यानं बंदी आली, २०१३ साली आणखी कडक कायदा आला. तारखा मला पाठ होत्या, पण त्या सांगायची ती जागा नव्हती. त्या घरातून डबी आली नाही आणि मी परत मागितली नाही. तुमच्या तक्त्यात अशा माणसाला 'प्रतिसाद नाही' या खान्यात टाकतात. मी त्याच्यापुढं वेगळी खूण करून ठेवते.

करणी-भानामतीची भीती मराठवाड्यात संपली असं कुणी म्हणत असेल तर त्यानं एक पावसाळा खेड्यात काढावा. केस, नखं, अंगावरचं कापड परक्याच्या हाती लागू नये हे लेकरांना शिकवलेलं असतं, आणि हे तर थेट पोटातलं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला म्हणून भीती जात नाही. हसू नका, समजावणीचं भाषणही करू नका. लोकांना तीनच गोष्टी हव्या असतात: डबी कुठं जाते, कुणाच्या ताब्यात असते, उरलेल्याचं काय होतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खरं द्या. उरलेलं नष्ट करणार असाल तर २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे नष्ट होईल असं सांगा. फ्रीझरमध्ये वर्षानुवर्षं ठेवणार असाल तर तसं सांगा, आणि त्यासाठी वेगळी हो-नाही घ्या. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नमुने पुढच्या कामासाठी ठेवण्याबद्दल आणि वाचता न येणाऱ्यांसाठी त्रयस्थ साक्षीदार असावा याबद्दल स्पष्ट लिहिलंय. साक्षीदार म्हणून आपल्याच टीममधला माणूस उभा करतात, ते करू नका. आणि अंगठा घेताना थांबा. अंगठा म्हटलं की आपल्याकडं सावकार आणि सातबारा आठवतो. एका मामांनी मला साफ सांगितलं, "संडास नेवा बाई, अंगठा देणार नाही." त्यांची सगळी अडचण कागदाशी होती. फॉर्ममध्ये काय लिहिलंय ते त्यांच्या नातवानं मोठ्यानं वाचून दाखवलं, मग दिला.

लोक अजून काय विचारतात? "यातून दारू पितो ते कळतं का?" "एचआयव्हीची तपासणी हाय का?" एका माळकरी घरातल्या तरुणानं मला गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचवायला येऊन हळूच विचारलं, "ताई, मटन खाल्लेलं दिसंल का?" याची उत्तरं तयार ठेवा आणि सगळ्यांसमोर आधीच सांगून टाका, म्हणजे कुणाला कोपऱ्यापर्यंत यावं लागत नाही. या अभ्यासात एचआयव्ही तपासत नाहीत, दारू तपासत नाहीत, कुणी कधी काय खाल्लं याची नोंद नावानिशी कुणाकडं जात नाही. नमुन्यात माणसाच्या स्वतःच्या पेशींचा डीएनएही थोडा असतो, हेही सांगायला हवं. तोच एकदा आमच्या कामी आला. एका घरातून चार डब्या आल्या, नवरा, बायको, मुलगा, सून. चारही नमुने एकाच पुरुषाचे निघाले! घरातल्या कर्त्या माणसानं सगळ्यांचं काम एकट्यानं उरकलं होतं. बायकांनी असल्या भानगडीत पडू नये म्हणून, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून बाईची डबी बाईनंच द्यायची आणि बाईनंच घ्यायची हा माझा नियम आहे. पाळीच्या दिवसांत मागायची नाही. विटाळाचा प्रश्न तर असतोच, शिवाय रक्त मिसळलं तर नमुनाही बिघडतो. नव्या सुनेला सासूसमोर विचारायचं नाही, पण सासूला टाळायचंही नाही. आधी सासूची डबी घ्यायची.

सगळ्यात सहज कोण देतं ते सांगते. तान्ह्या लेकराची आई. बाळाच्या शीचा रंग, वास, वेळ तिला तोंडपाठ असतो, आणि तिच्या लेखी त्यात घाण काहीच नसते. नंतर जुनाट पोटदुखीचे, मोठ्या आतड्याच्या सुजेचे रुग्ण. ते काहीही द्यायला तयार असतात, आणि म्हणूनच त्यांच्याबाबतीत जास्त जपायला लागतं. त्यांना वाटतं डबी दिली म्हणजे उपचार सुरू झाला. "रिपोर्ट कवा येणार?" हा त्यांचा पहिला प्रश्न. रिपोर्ट येणार नाही, हे डबी देतानाच सांगा, नंतर नाही. जंत, आव, लपलेलं रक्त हे तपासण्याची परीक्षा वेगळी आणि हा अभ्यास वेगळा. शक्य असेल तर जंतांची साधी तपासणी बरोबर करून तिचा कागद द्या. आम्ही तो देतो, आणि त्यात काही निघालं तर औषधापर्यंत पोचवतो. नुसतं घेऊन जाणाऱ्याला गाव दुसऱ्यांदा दार उघडत नाही. रोज बुडतो त्याचे आणि येण्याजाण्याचे पैसे नीतिसमितीकडून आधीच मंजूर करून घ्या. डबीमागं पैसे असं मात्र होऊ देऊ नका, नाही तर तुमच्याकडंही एकाच माणसाच्या चार डब्या येतील.

"पण याचा उपयोग काय?" याला मी मोठं उत्तर देत नाही. जगात आतड्यातल्या जिवाणूंची जी माहिती साठलीय, ती बरीचशी युरोप-अमेरिकेतल्या लोकांच्या पोटातली आहे. भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला नावाच्या गटाचे जिवाणू जास्त सापडतात, आणि त्याचा संबंध आपल्या धान्य-डाळींच्या जेवणाशी लावला जातो. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी खाणाऱ्या माणसाचं निरोगी पोट कसं दिसतं हे माहीतच नसेल तर बिघडलेलं ओळखायचं कशावरून? एवढं लोकांना पटतं. मलरोपणाचं, म्हणजे निरोगी माणसाच्या नमुन्यातले जिवाणू दुसऱ्याच्या आतड्यात सोडण्याचं, मी सहसा आपणहून काढत नाही. अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये या तत्त्वावरची दोन औषधं मंजूर झालीत, तीही एका विशिष्ट जिवाणूचे जुलाब पुन्हा पुन्हा होऊ नयेत एवढ्यासाठी. गावात हे सांगितलं की दुसऱ्या दिवशी "आमचं विकायला नेलालेत" ही बातमी पारावर येते. कुणी विचारलंच तर खरं सांगते. तुमच्या अभ्यासात कंपनीचा पैसा असेल तर तो मात्र न विचारताही सांगायला हवा.

अभ्यास संपल्यावर आम्ही एका गावात मारुतीच्या मंडपात बसून निष्कर्ष वाचून दाखवले. पंधरा-वीस माणसं आली. अर्ध्या तासानं एका आजोबांनी विचारलं, "मंग आमच्या गावाचं पोट कसं हाय?" मला सरळ उत्तर देता आलं नाही. तंतुमय अन्नावर जिवाणू काय करतात, त्यातून आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं कशी तयार होतात, हे सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे भाकरी सोडू नये. मी म्हटलं, सोडू नये. पुढच्या अभ्यासाला त्या गावातून डब्या मागायला मला फोन करावा लागला नाही.

आता तुमच्या एकशे दहांकडं. सगळ्यांना परत फोन करू नका. आधी ही यादी घेऊन आशाताईंबरोबर बसा आणि त्यातली ऊसतोडीला जाणारी घरं वेगळी काढा. टोळ्या दसऱ्यानंतर हलायला लागतात, ते थेट पाडव्याच्या आसपास परततात. उचल म्हणजे आगाऊ मजुरी घेतलेलं जोडपं तुमच्या नमुन्यासाठी थांबणार नाही, आणि फडावरच्या कोपीत ना संडास असतो ना आडोसा. त्यातही बायकांशी बोलताना जपून. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचं बीड जिल्ह्यातलं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. दवाखाना आपल्यातून काहीतरी काढून घेतो ही त्यांची भीती ऐकीव नाही. या घरांत स्वतः जा, बरोबर बाई न्या, खाकी कागद, साबण आणि काळी पिशवी न्या. पहिल्या भेटीत डबी पुढं करू नका. उरलेल्यांकडं नंतर जाता येईल, पण ही घरं दसऱ्याआधी झाली पाहिजेत.